स्क्वॉट-डेडलिफ्टच्या जोडीला पायांचे अजून कोणते व्यायाम, कधी आणि किती

मी भुसावळ-जळगाव रोज अपडाऊन करतो, त्यामुळे माझा लेग डे कसा झालाय हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या जिन्यावर कळतं. चढताना तेवढं नाही, उतरताना. दोन वर्षांपूर्वी जिमचा जेमतेम तिसरा महिना चालू होता, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणं) ६० किलोवर ३ सेट ५ रेप, म्हणजे पाच-पाच वेळा असं तीनदा, मस्त चालला होता आणि मला वाटलं आता आपण तयार झालो, मग रील्स बघून एकाच दिवशी स्क्वॉटनंतर लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल, लंजेस आणि काफ रेज, प्रत्येकी ४ सेट. ट्रेनरने पण अडवलं नाही, उलट म्हणे भारी. दुसऱ्या दिवशी रेलिंगला धरून एक एक पायरी उतरेपर्यंत गाडी डोळ्यासमोरून गेली, आणि घरात संडास देशी, तिथला पराक्रम सांगत नाही. चार दिवस मांड्या धरलेल्या, पुढच्या स्क्वॉटला ६० तिसऱ्याच रेपला अडकला, मग ५५, मग ५०. तीन आठवडे पाण्यात.

मामा तरुणपणी तालमीत जायचे. मला पाय फाकवून चालताना बघून एवढंच म्हणाले, "बठ्ठं एकदमच करशी का रे भो?" म्हणजे सगळं एकदमच करतोस का रे भाऊ.

तर हा लेख त्या "एकदमच"च्या ऐवजी काय करायचं त्याबद्दल आहे. ज्यांचं बारबेलचं साधं रुटीन चालू आहे म्हणजे आठवड्यात तीन दिवस, एका दिवशी स्क्वॉट-बेंच (झोपून बार छातीवरून ढकलणं)-डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं), दुसऱ्या दिवशी स्क्वॉट-ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं)-रो (वाकून बार पोटाकडे ओढणं), परत पहिलं, असं आलटून पालटून, त्यांच्यासाठी. ३×५ असो की ५×५ (आधी सेट, मग रेप), फरक पडत नाही.

आधी बघा की तुम्हाला गरज आहे का

हे बहुतेक जण वगळतात म्हणून आधी सांगतो. तुमचा स्क्वॉट जर अजून दर वेळी अडीच किलोने वाढतोय तर तुम्हाला आत्ता कशाचीच गरज नाहीये. खरंच नाहीये. आठवड्यात तीनदा स्क्वॉट आणि वरून डेडलिफ्ट, एवढ्यात नवीन माणसाच्या पायांना भरपूर काम मिळतं, आणि अंगाची जेवढी भरून काढायची ताकद आहे ती तिकडेच खर्च होऊ द्या. साधारण दोन-तीन महिने झाले, फॉर्म बसला, मांडी गुडघ्याच्या खाली जाते, आणि वाढ हळू झाली म्हणजे एकच वजन दोन-दोनदा करावं लागतंय, तेव्हा पुढचं वाचा. ज्याला अजून खाली बसताना टाचा उचलतात त्याने काफ रेजचा विचार करू नये, त्याने टाचांचा करावा.

आणि एक काम करा, बारचं वजन मोजा. ऑलिम्पिक बार २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा, पण आपल्याकडच्या गावच्या जिममधला रॉड कुठून आला देवाला ठाऊक. आमच्याकडचा मी एकदा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितला तर १३ किलो निघाला, म्हणजे इतके दिवस मी ६० म्हणत होतो ते ५३ होतं! वाईट वाटलं थोडं. पण पुढे टक्केवारीने वजन काढायचंय तर आकडा खरा पाहिजे ना.

स्क्वॉटमधून काय सुटतं

लोकं म्हणतात स्क्वॉट केला की पायांचं सगळं झालं. बरंचसं होतं, सगळं नाही. मांडीच्या मागचा जो स्नायू आहे, हॅमस्ट्रिंग, त्याचा बराचसा भाग खुब्यावरूनही जातो आणि गुडघ्यावरूनही. स्क्वॉटमध्ये खाली जाताना खुबा वाकतो तेव्हा तो वरून ताणला जातो पण त्याच वेळी गुडघा पण वाकतो म्हणून खालून सैल पडतो, एकूण लांबी जवळजवळ तेवढीच राहते, म्हणून स्क्वॉटने मांडी पुढून भरते पण मागून तेवढी नाही. डेडलिफ्ट ती कसर काढतो, पण नवख्याच्या रुटीनमध्ये डेडलिफ्टचा एकच सेट असतो ५ रेपचा. आणि गुडघा वाकवायचं जे काम आहे त्या स्नायूचं, त्यावर वजन ना स्क्वॉटमध्ये येत ना डेडलिफ्टमध्ये.

दुसरं सुटतं ते पोटरी. तिसरं, एका पायाचं काम. दोन पायांवर उभं राहून बार उचलला की जो पाय दणकट आहे तो गुपचूप जास्त ओढतो आणि तुम्हाला कळत पण नाही. सावदा-रावेरकडे केळीचा ट्रक भरताना बघा, डोक्यावर घड घेऊन माणूस फळीवरून चढतो तेव्हा प्रत्येक पावलाला सगळं ओझं एकाच पायावर असतं, तिथे दुसऱ्या पायाची मदत नाही. ती ताकद वेगळी लागते आणि वेगळीच शिकवावी लागते.

पायरी १ – कमजोर काय ते शोधा

मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून बाजूने आणि मागून असे दोन व्हिडिओ काढा, हलक्या सेटचे नाही, शेवटच्या जड सेटचे. बाजूच्या व्हिडिओत बघा, खालून उठताना कंबर आधी वर येते आणि छाती मागे राहते का? बऱ्याचदा याचा अर्थ मांडीचा पुढचा भाग दमतोय आणि शरीर काम पाठीकडे ढकलतंय (कधी कधी अर्थ एवढाच असतो की वजन जास्त लावलंय, तो पण विचार करा, आपण सगळे त्यातलेच). मागच्या व्हिडिओत बघा, उठताना कंबर एका बाजूला सरकते का. सरकत असेल तर एका पायाचा व्यायाम आधी. डेडलिफ्टमध्ये बार गुडघ्यापर्यंत येतो आणि तिथून पुढे खुबा पुढे यायला कुरकुरतो, तर मागची बाजू आधी.

काहीच दिसलं नाही तर रोमानियन डेडलिफ्टपासून सुरू करा, चुकायचं नाही.

पायरी २ – एक उचला. एकच.

*रोमानियन डेडलिफ्ट.* नाव पडलं ते रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद याच्यावरून, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला ९० किलो गटात सुवर्ण मिळवलेला माणूस, तो हा व्यायाम करताना अमेरिकेतल्या लोकांनी बघितला आणि नाव चिकटलं. माझा सगळ्यात आवडता. बार धरून सरळ उभं राहायचं, गुडघे थोडेसे वाकवून तिथेच लॉक, आता ते अजून वाकवायचे नाहीत, आणि मग कुल्ले मागे ढकलायचे, जसं दोन्ही हातात पिशव्या आहेत आणि मागचं दार कुल्ल्याने लावायचंय तसं. बार मांडीला घासत खाली येतो. गुडघ्याच्या थोडं खाली आला की मांडीमागे ताण येईल, कुल्ले अजून मागे जात नाहीत तिथे थांबायचं आणि वर. जमिनीला टेकवायचा नाही! नवीन लोकं जमीन गाठायच्या नादात पाठ वाकवतात, तिथेच घोळ होतो. वजन किती, तर तुमच्या डेडलिफ्टच्या ५ रेपच्या वजनाच्या निम्म्यापासून, म्हणजे ८० असेल तर ४०. हलकं वाटेल. वाटू द्या, दुसऱ्या दिवशी सांगा.

*बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट.* मागचा पाय बाकावर, पुढच्या पायावर खाली बसायचं. नाव ऐकून काही नाही वाटत, पहिल्या वेळी मात्र आठव्या रेपला देव आठवतो. अंतर जमवायची युक्ती म्हणजे बाकाच्या काठावर बसा, एक पाय सरळ समोर पसरा, टाच जिथे टेकते तिथे तो पाय, आता उभं राहा आणि दुसरा पाय मागे बाकावर ठेवा, बुटाची लेस खाली. सुरुवातीला वजन नाही, रिकाम्या हाताने, भिंतीला एक बोट लावलं तरी चालेल. कमजोर पाय आधी करायचा आणि दणकट पायाने तेवढेच रेप करायचे, जास्त येत असले तरी. मी डाव्या पायाने ७ आणि उजव्याने १२ करायचो, तीन महिने लागले सारखं व्हायला.

*लेग प्रेस.* मशीन असेल तर. मांडी पुढून भरायला चांगलं, कारण पाठीवर ओझं नाही आणि तोल सांभाळायचा नाही. फक्त दोन गोष्टी. गुडघे छातीकडे आणताना कंबर गादीवरून उचलली जाते तिथे तुमची खोली संपली. आणि कोण २०० किलो ढकलतोय बघून दबून जाऊ नका, ४५ अंशाच्या उतारावर ते सरकतं म्हणून पायावर लावलेल्या वजनाच्या साधारण ७० टक्केच येतं, ज्याचा स्क्वॉट ७० चा आहे तो पण २०० ढकलून फोटो टाकतो.

*लेग कर्ल.* मघाशी म्हटलं ते गुडघा वाकवायचं काम, ते हेच करतं. मशीन नसेल तर घरी फरशीवर करा. गुळगुळीत फरशी पाहिजे, पाठीवर झोपायचं, टाचांखाली जुना पंचा, कंबर उचलायची आणि कंबर न पाडता टाचा सरकवत पाय लांब करायचे, मग परत ओढून आणायचे. हे मशीनपेक्षा अवघड आहे, पहिल्यांदा नुसतं लांब सरकवा, ओढून आणायचं नंतर बघू. वांधा हाच की बायको विचारते फरशी पुसतोय का, पुसायचीच तर नीट पूस.

*काफ रेज.* पायरीच्या काठावर चवडे, टाच पूर्ण खाली सोडून तिथे एक-दोन सेकंद थांबायचं, मग वर. उसळ्या मारायच्या नाहीत. गुडघा सरळ ठेवून केलं तर पोटरीचा वरचा गोटा काम करतो, बसून गुडघा वाकवून केलं तर त्याच्या खालचा. एवढंच, यात फार तत्त्वज्ञान नाही.

लंजेस (एक पाऊल पुढे टाकून खाली बसणं) आणि स्टेप-अप (एका पायाने बाकावर चढणं) स्प्लिट स्क्वॉटचेच चुलत भाऊ, जे जमेल ते करा पण तिन्ही नको. लेग एक्स्टेन्शनला (मशीनवर बसून गुडघे सरळ करत वजन उचलणं) काही लोकं उगाच शिव्या देतात, त्यात तसं वाईट काही नाही, गुडघा कुरकुरत नसेल तर शेवटी दोन सेट करायला हरकत नाही.

आणि बैठका? आमच्या भागात कोणी ना कोणी म्हातारं माणूस सांगतंच की आम्ही पाचशे बैठका मारायचो, तुमचे रॉड कसले. मारायचे, खोटं नाही, यात्रेतल्या कुस्त्यांसाठी दम लागायचा तो त्याने मिळायचा. पण पाचशे रेपचं काम आणि पाच रेपचं काम वेगळं. वॉर्मअपला १५-२० मारा, गुडघे मस्त मोकळे होतात. स्क्वॉटनंतर शंभर मारू नका.

पायरी ३ – कुठे बसवायचं

नेहमी मुख्य व्यायामानंतर. आधी लेग प्रेस करून मग स्क्वॉटला आलात तर स्क्वॉट पडणारच.

मी असं बसवलं: ज्या दिवशी डेडलिफ्ट असतो त्या दिवशी मागच्या बाजूला अजून त्रास नको, त्या दिवशी स्प्लिट स्क्वॉट किंवा लेग प्रेस. ज्या दिवशी डेडलिफ्ट नाही, रो आहे, त्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट. पोटऱ्या कुठेही, शेवटी, गाडीची वेळ असेल तर सरळ सोडून द्या. यात एक गोची आहे, बुधवारी रोमानियन केला आणि शुक्रवारी डेडलिफ्ट आहे तर मधे फक्त एक दिवस, आणि नव्या व्यायामाचं दुखणं एक ते तीन दिवसांत कधीही शिगेला पोचतं. म्हणून पहिले दोन आठवडे निम्म्या वजनाने आणि फक्त २ सेट. अंग एकदा सरावलं की तेवढं दुखत नाही.

पायरी ४ – किती

पहिला आठवडा: तो एकच व्यायाम, आठवड्यातून एकदाच, ८ रेपचे २ सेट. सेट संपला तेव्हा अजून तीन रेप आले असते असं वाटलं पाहिजे. हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड आहे कारण जिममध्ये सगळे ओरडत असतात, अजून एक, अजून एक. ऐकू नका त्यांचं.

दुसरा आठवडा तसाच. तिसऱ्याला ३ सेट. चौथ्या आठवड्यात स्क्वॉट नीट चालू असेल तरच दुसरा व्यायाम आणा, तो परत २ सेटपासून. दोनच्या पुढे, फार फार तर पोटरी धरून तीनच्या पुढे, नवख्याने जायचं कारण मला अजून सापडलं नाही.

वजन वाढवायची पद्धत स्क्वॉटसारखी दर वेळी नाही. आधी रेप वाढवायचे, ८ चे ९, ९ चे १०, सगळ्या सेटला १२ यायला लागले की मग थोडं वजन टाकून परत ८ वर यायचं. स्प्लिट स्क्वॉटला डंबेल कमी पडले तर दप्तराची बॅग छातीशी धरा, आत गव्हाची पिशवी, मी ५ किलोने सुरुवात केली. युरियाच्या गोणीचा विचार करणाऱ्यांसाठी: ती ४५ किलोची असते, राहू द्या. सेटमध्ये दीड-दोन मिनिटं थांबलं तरी पुरतं, स्क्वॉटला मात्र तीन ते पाच मिनिटं घ्या, तिथे घाई नको.

पायरी ५ – वही

वहीत दोनच रकाने बघायचे, स्क्वॉट आणि नवा व्यायाम. नवा व्यायाम आणल्यापासून सलग दोन वेळा स्क्वॉट खाली आला किंवा रेप सुटले, तर नव्या व्यायामाचा एक सेट कापा. स्क्वॉट कापायचा नाही. परत तेच झालं तर एक आठवडा तो व्यायाम पूर्ण बंद. माझं चुकलं ते इथेच, मी स्क्वॉट ६० चा ५० केला आणि लेग प्रेस तेवढाच ठेवला, का तर त्यात पंप भारी यायचा, म्हणजे मांड्या टम्म फुगायच्या.

पण स्क्वॉट अडकला म्हणून दोष लगेच नव्या व्यायामाला पण देऊ नका, झोप बघा, जेवण बघा. आमच्याकडे शेवभाजी आणि भरीत-कळण्याची भाकरी यात पोट भरतं, जीव खुश होतो, पण प्रोटीन किती गेलं बघितलं तर फारसं नाही. अंगाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला शंभरेक ग्रॅम दिवसाला, हे नुसत्या भाकरीतून येत नाही. ताक, दही, पनीर, अंडी, सोयाबीन, मूग-मठ, जे चालतं ते. केळी जळगावकराला सांगायची गरज नाही, जिमच्या आधी दोन. फक्त केळ्याने प्रोटीन होत नाही हे मी जिममधल्या चार जणांना तरी सांगून थकलोय.

दुखणं आणि दुखणं

मांडीच्या मधोमध जड, भरून आल्यासारखं, दोन्ही पायांना सारखं, चाललं की सैल होतं, ते चालायचंच. गुडघ्याच्या आत, एका ठिकाणी, टोचल्यासारखं, किंवा कंबरेतून पायात कळ जाते, किंवा सूज, तर तो व्यायाम तिथेच बंद आणि डॉक्टरला दाखवा, हळद लावून पुढचा सेट नाही. जिन्यावरून उतरताना मांडी थरथरते ते पहिलं. जिन्यावर गुडघा लचकतो ते दुसरं.

उन्हाळा आणि लग्नसराई

हे बाहेरच्या लोकांच्या लेखात नसतं म्हणून लिहितो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या जिममध्ये संध्याकाळी सहाला रॉड हाताला चटका देतो, आणि त्यात लाईट गेली की पंखा पण नाही. एप्रिलच्या मध्यापासून मी पहाटे साडेपाचला जातो, स्क्वॉट आणि एक मुख्य व्यायाम तेवढा ठेवतो, पायांचा जास्तीचा एकच आणि तो पण २ सेट. पाण्यात चिमूटभर मीठ-लिंबू. दम लागून डोळ्यापुढे अंधारी आली तर सावलीत बसायचं, सेट राहू द्यायचा.

आणि लग्नांत दहा-बारा दिवस खाडा होतोच, मामेभावाचं लग्न सोडून कोण लेग कर्ल करायला जाईल. परत आल्यावर स्क्वॉट १० टक्के कमी करून सुरू करा, ७० असेल तर ६२-६३, दोन आठवड्यांत परत येतो. जास्तीचे व्यायाम पहिल्या आठवड्यात एकच सेट, रिकाम्या हाताने केले तरी चालतील, कारण खाड्यानंतर पहिल्यांदा थोडं दुखू शकतं, आणि वरातीत दोन तास नाचून आलेल्या पोटऱ्यांना काफ रेज आठवडाभर नसले तरी चालतात.